आबांच्या वतीनं दिलेला होकार

१ फेब्रुवारी, रविवार

आज फ्रान्सिस अंकलनी पुन्हा माझी आवडती तबकडी लावली. पन्नासेक वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या पोरांची. गिटार, ऑर्गन आणि तालाला तिघंजण. सगळ्यांचं लक्ष गिटारकडे असतं, माझं नसतं. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच नुसते उंच ढोल आहेत, हातानं वाजवायचे. कोंगा म्हणतात. ते सुरू झाले की मी पुढे सरकून बसते. तीन वर्षं असंच. आज तसं का होतं ते कळलं, आणि कळल्याबरोबर तोंडातून बाहेर पडलं.

अंकलकडे नियम असा: तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये बोलायचं नाही. रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. त्यांची शिट्टी गेली पण शिस्त नाही गेली. तबकडी संपली की चहा, तो मी करते. कुणी सांगितलेलं नाही, पण दुसरं कुणी उठतही नाही. मग जगताप सरांचं भाषण. सर कॉलेजात इंग्रजी शिकवतात आणि आमच्या सात-आठ जणांच्या रविवारचे अध्यक्ष आहेत, आपले आपणच झालेले.

सर सांगत होते, हे ताल आफ्रिकेतून गुलामांबरोबर क्युबाला गेले, तिथून अमेरिकेत, तिथे रॉकमध्ये मिसळले. मी ट्रे घेऊन उभी. म्हटलं, "सर, तो तिसरा वाजवणारा एक ठोका मुद्दाम उशिरा टाकतो. म्हणून बाकीचे दोघं पुढं ओढले जातात. आमचे आबा हलगीवर असंच करायचे."

 अंकलनी सुई उचलून परत तिथंच ठेवली. खरंच, ठोका उशिरा.

सर म्हणाले, "शोभाताई, वडील कलावंत आहेत हे बोलला नाहीत कधी!"

कलावंत. आज माझा कप दुसऱ्या कुणीतरी आत नेऊन ठेवला.

३ फेब्रु., मंगळ.

सकाळची खिडकी. गर्दी. सुट्ट्या पैशांवरून दोन भांडणं. पुण्याची तिकिटं देता देता डोक्यात तोच शब्द.

बावीस वर्षं रेल्वेच्या बुकिंगला आहे. वडील काय करतात विचारलं की शेती, एवढंच सांगत आले. शेती आहेच, पाऊण एकर. हलगीचा ह कधी काढला नाही. कारण विचारणारा लगेच पुढचं ओळखतो. हलगी म्हणजे कोण, म्हणजे कुठल्या वस्तीतले. आणि आता परदेशी तबकडीनं शिक्का मारून दिला तशी मीच सांगत सुटले. लाज वाटायला पाहिजे होती. खरं लिहायचं तर ऐट वाटली.

८ फेब्रु., रवि.

सरांच्या डोक्यातून कल्पना निघाली. एका रविवारी ती तबकडी लावायची आणि आबांनी तिच्याबरोबर हलगी वाजवायची. "दोन खंडांची भेट!" सरांना असलं सुचतं.

"येतील ना वडील?"

"येतील की. मी सांगितलं की येतात."

असं मी बोलले. विचारायला हवं, घरी बोलून सांगते, यातलं काही बोलले नाही. १५ मार्च ठरला.

घरी सुधीरला सांगितलं. नवरा कुरकुंभला कंपनीत, बोलतो कमी.

"आबांना विचारलंस?"

"विचारीन."

"त्यांनी हलगी का सोडली ते ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक नसायला काय झालं. सुधीरचा राग आला, कारण तो बरोबर होता.

९ फेब्रु.

ठाऊक आहे ते लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला, आणि मी मला, माहीत नव्हतं असं म्हणायला नको.

मी सहा-सात वर्षांची होते. गावकीचं काम होतं ते. यात्रेत छबिन्यापुढे, मोठ्या घरच्या लग्नात, मयतीपुढे, हलगी आबांनीच वाजवायची. आवड म्हणून नाही, पाळी म्हणून. बसायचं नाही, उंबऱ्याच्या आत यायचं नाही, बाहेर उभं राहून वाजवायची. बदल्यात उरलंसुरलं. आमची वस्ती बौद्ध होऊन किती वर्षं झालेली, विहारात रोज वंदना चालू, तरी हे काम मानगुटीवर होतंच. एका वर्षी वस्तीनं ठरवलं, बंद. सगळ्यात आधी आबांनी केलं. हलगीचं कातडं काढलं आणि कडं विहिरीत टाकलं. ते वाजवायला सगळ्यांत चांगले होते, म्हणून त्यांनी आधी सोडायची.

मग गावानं आमचं दळण बंद केलं. आई डोक्यावर पायली घेऊन पाबळपर्यंत दळायला जायची, मी मागनं. दीडेक वर्ष. नंतर गाव हळूहळू निवळलं. पण हलगी वाजली नाही ती नाहीच. चाळीस वर्षांहून जास्त झाली. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी विचारतं, आबा न्हाई म्हणतात, विषय संपतो.

हे सगळं ठाऊक असून होकार दिला.

१५ फेब्रु., रवि.

गावी जाऊन आले. दौंड-शिरूर एस.टी., पुढे पाबळकडची. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. पंचाहत्तरी झाली, दात सगळे जागेवर.

विचारायचं म्हणूनच गेले होते. म्हटलं आधी ऐकवू. मोबाइलवर ती दुसरी बाजू लावली, फोन उलट्या पातेल्यावर ठेवला, आवाज मोठा येतो. आबांचे हात थांबले. मान एका बाजूला. मग बोटं शेंगांच्या सुपावर वाजायला लागली, त्यांच्या नकळत.

"ह्यो काठीनं न्हाई वाजवत. हातानंच."

"व्हय आबा."

"बोटं फुटत असत्याल बिचाऱ्याची. कुठली माणसं म्हणायची ही?"

मी सरांचं भाषण माझ्या भाषेत सांगितलं. आफ्रिकेतून धरून नेलेल्या लोकांचे ताल, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी चालू ठेवलेले.

"धरून नेलेली." एक शेंग फोडली. "मग आता कुणाच्या दारात वाजवत्यात?"

"कुणाच्याच न्हाई. लोकं तिकीट काढून ऐकायला जातात. हे वर उजेडात आणि लोकं खाली."

"तिकीट काढून व्हय!" आबा हसले. केवढे हसले. वहिनी चुलीपासून उठून बघायला आली. "परत लाव."

तीन वेळा लावलं. तेवढ्यात विचारायचं होतं. चेहरा इतका खुलला होता, मला वाटलं आता विचारलं की हे जाईल. म्हणून म्हटलं, "आबा, दौंडला या एकदा. मोठ्या मशीनवर ऐका. पंधरा मार्चला."

"येतो की."

तेवढंच. बाकीचं पोटात ठेवून घेतलं. एस.टी.त बसल्यावर स्वतःला समजावलं की त्यांना एवढं आवडलंय, आयत्या वेळी हातात दिली तर वाजवतीलच.

२२ फेब्रु., रवि.

सरांनी मोबाइलवर पत्रिका केली. अमुक वार, तमुक वेळ, खाली आबांचा फोटो, माझ्याच फोनातला, पांढऱ्या शर्टातला. फोटोखाली: "पिढ्यान्पिढ्या चालत आलेली कला जपणारे."

जपणारे!

 सर म्हणाले, काही बदल? मी म्हटलं, छान झालीय.

फक्त एवढं सांगितलं की गावाकडच्या कुणाला पाठवू नका, आबांना सरप्राइज आहे. इथे माझी अक्कल बरोबर चालली.

७ मार्च, शनि.

कासुर्डीला जाऊन हलगी आणली. तिथल्या बँजो पार्टीतला एकजण सुधीरच्या ओळखीचा. सुधीर बरोबर आला नाही, नुसता नंबर दिला. प्लास्टिकचं पान, कडेनं नटबोल्ट. साडीच्या पिशवीत घालून आणली आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. स्वतःच्याच घरात चोरासारखी. खाई त्याला खवखवे म्हणतात.

रोज वाटतं, फोन करून सांगावं. फोन करते. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, एवढंच होतं.

१४ मार्च, शनि.

आबा आले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. अंकलसाठी शेंगांची पिशवी. "तुझ्या सायबाला गावरान शेंगा माहीत नसत्याल."

आता तरी सांग. नाही सांगितलं. त्यांनी रात्री जेवताना विचारलं, "तिथं मी काय बोलू, ही शिकल्याली माणसं?" म्हटलं, काही बोलू नका, नुसतं ऐका.

सुधीर ताटावरून उठून गेला.

१५ मार्च, रवि.

लिहायला बसले आहे खरी.

अंकलनी आबांना आपली स्वतःची खुर्ची दिली. मशीनच्या समोरची, तिच्यावर ते कुणाला बसू देत नाहीत. पंधरा-वीस लोक होते. पहिली बाजू झाली, आबा डोळे मिटून. दुसरी लागली तसे डोळे उघडले, माझ्याकडे बघून मान हलवली. मोबाइलवर एवढं कुठं ऐकू येत होतं, असं काहीतरी सांगायचं होतं त्यांना. शेजारच्या बाईंना हळूच म्हणालेसुद्धा, "त्यो तिसरा बघा, उशिरा येतोय. जाणूनबुजून."

तबकडी संपली. सर उठले, दोन मिनिटं बोलले, आणि मला म्हणाले, "शोभाताई, आणा."

मी पिशवीतून हलगी काढली आणि आबांच्या पुढ्यात धरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोन वर झाले.

आबांनी हलगीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. काहीतरी विचारत होते डोळ्यांनी, आणि मी खाली बघितलं. मग त्यांनी हलगी घेतली. पानावरून अंगठा फिरवला. "कातड्यावानी हिला जाळावर शेकायला लागत न्हाई व्हय," एवढं म्हणाले.

अंकलनी सुई दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला ठेवली.

आबा खुर्चीतून उठले. टोपी काढून खुर्चीवर ठेवली. खोलीतून चालत दाराबाहेर गेले, उंबरा ओलांडून व्हरांड्यात, तिथं उभे राहिले आणि वाजवायला लागले. बाहेर उभं राहून. आत तोंड करून.

लोकांना वाटलं बसवलेलं आहे, नाटकात असतं तसं. एकजण म्हणाला, वा, काय एंट्री!

काय वाजवली. त्या तिघांच्या मध्ये चौथा शिरला आणि जागा करून बसला. उशिराचा ठोका आबा त्याच्याहून उशिरा टाकत होते. अंकल रडत होते. मीही रडत होते, लोकांना वाटलं अभिमानानं. त्यातलं थोडं अभिमानाचंही होतं, हे मला आत्ता लिहिताना कळतंय, आणि त्याचीच जास्त शरम वाटतेय.

संपल्यावर हलगी व्हरांड्यात खाली ठेवली. आत आलेच नाहीत. टोपी मी नेऊन दिली.

१६ मार्च

सकाळच्या एस.टी.नं गेले. स्टँडवर म्हणाले, "गाणं चांगलं हाय." 

फ्रान्सिस अंकलचा फोन. "शोभा, तेरा फादर बाहेर क्यों गया? मी खुर्ची दिला होता ना." एवढ्या लोकांत त्यांना एकट्यालाच प्रश्न पडला. मी सांगितलं, बाहेर आवाज घुमतो म्हणून.

"अच्छा," म्हणाले. पटलं नाही त्यांना.

१७ मार्च

ड्युटी. दोनदा चुकीचं तिकीट दिलं.

२० मार्च, शुक्र.

सरांनी काल व्हिडिओ टाकला. "दौंडमध्ये अवतरला क्युबा." मी पाहिलाच नव्हता. माझ्या भावाचा, विलासदादाचा, गावाहून फोन आला तेव्हा कळलं.

"शोभे, ह्ये काय हाय? आबा उंबऱ्याभाईर हुबं राहून वाजवत्यात आन् तू आत बसून टाळ्या वाजवतीस?"

टाळ्या मी वाजवत नव्हते. हे त्याला सांगायला गेले आणि मध्येच थांबले.

"इथं समद्या गावानं बघितलंय. वस्तीतली पोरं म्हणत्यात, आबांनीच मोडलं, आता आपून काय सांगायचं लोकांस्नी."

"आबा काय म्हणतात?"

"बोलत्यात कुठं? वंदनेला बी न्हाई आलं."

रोजची वंदना आबाच सुरू करतात. ताप असला तरी.

सरांना फोन करून व्हिडिओ काढायला लावला. त्यांनी लगेच काढला, का ते विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदा सगळं, पाळी, उंबरा, पाबळचं दळण.  सर म्हणाले, "ताई, हे आधी बोलायचं ना हो." काय चुकीचं बोलले? पण तोवर व्हिडिओ या फोनातून त्या फोनात गेलेला. आता तो काढून काय उपयोग.

२२ मार्च, रवि.

अंकलकडे गेले नाही.

घरी मोबाइलवर ती दुसरी बाजू लावायला गेले. ढोल सुरू झाले, बंद केलं. एवढी लाडकी गोष्ट हातानं नासवली.

सुधीर म्हणाला, "जाऊन माफी माग." म्हटलं, जाईन. "कधी?" म्हटलं, बघते. आबांच्या वतीनं होकार द्यायला मला चार सेकंद पुरले होते.

२९ मार्च, रवि.

विलासदादाचा फोन. तात्या घरी येऊन गेले. तात्या म्हणजे मागचे सरपंच, यात्रा कमिटीचे आताचे प्रमुख, मोठ्या घरातले. आम्हाला गिरणी बंद झाली तेव्हा त्यांचे वडील पुढारी होते. तात्या स्वतः वाईट माणूस नाहीत. आईच्या आजारपणात रातोरात गाडी दिली होती.

म्हणाले, यंदा यात्रेत छबिन्यापुढं आबांची हलगी होऊन जाऊ द्या. दादा म्हणाला, आबा वाजवत नाहीत, ठाऊक आहे तुम्हाला. तात्या हसून म्हणाले, "दौंडात वाजवली की. आमी काय परकं हाय व्हय?"

चाळीस वर्षं या प्रश्नाला उत्तर होतं. आता नाही. माझ्यामुळे नाही.

आबा काय म्हणाले? दादा म्हणाला, आबा म्हणाले, पोरीला बोलवा.

४ एप्रिल, शनि.

दोन दिवस रजा टाकून गावी. पन्नाशीची बाई, ओट्यावर चोरट्या पोरीसारखी चढले.

आबांच्या समोर बसले आणि जे यायचं ते आलं. म्हटलं, आबा, माझं चुकलं, मी तुम्हाला न विचारता कबूल केलं, मोठेपणा मिळावा म्हणून केलं. सगळं बोलले, पत्रिकेतलं 'जपणारे'सुद्धा. मध्ये कुणी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

आबांनी ऐकून घेतलं.

"आबा, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत तिथं?"

"चार मान्सांत तुझा शबूद पडला असता."

"मग बाहेर का गेलात?"

"मला दुसरीकडनं वाजवायला येत न्हाई, शोभे. बसून कवा वाजवलीच न्हाई. खुर्चीत हातच उचलंना."

मला वाटत होतं, मला धडा शिकवायला गेले असतील. तसं असतं तर सोसलं असतं.

मग स्वतःच बोलले, माझ्याकडे न बघता. "खोटं न्हाई सांगत. वाजवताना बरं वाटलं. त्या मान्सांसंगट. लई बरं वाटलं. त्येचंच वाईट वाटतंय. म्हणून इहारात जाईना मी. कुठल्या तोंडानं जाऊ?"

 लाज माझी, आणि ती उचलून बसले आहेत ते.

शेवटी म्हणाले, "तात्याला मी न्हाई म्हणणार न्हाई. माझ्या न्हाईला आता वजन उरलं न्हाई. माझ्या वतीनं व्हय तू म्हणलीस, आता न्हाई बी तूच म्हण. जा उद्या."

५ एप्रिल, रवि.

तात्यांच्या घरी गेले. लहानपणी या घराच्या मागच्या बाजूला उभी राहायचे. आज पुढच्या दारानं आत, सोफ्यावर. चांगल्या कपांतून चहा, वर चिवडा. तात्यांच्या सूनबाई शेजारी बसल्या, माझा रेल्वेतला हुद्दा विचारला. त्यांच्या मुलीला परीक्षा द्यायचीय रेल्वेची.

तात्या म्हणाले, "ताई, आता कुठं राह्यलंय जुनं? कला हाय ती. कला अशी मरू द्यायची न्हाई. आबास्नी फेटा बांधू, सत्कार करू, हारतुरे. पुढच्या पोरांस्नी कळलं पायजे आपल्या गावात कोण मानूस हाय."

माझीच भाषा. सरांची, माझी. पहिल्या रविवारी मी जी ऐकून फुगले होते तीच.

हातात कप.  मनात घोकून आणलेलं होतं: आबा वाजवणार नाहीत, यंदाही नाही, कधीच नाही, दौंडला वाजवली ती माझी चूक. चार वाक्यं. एस.टी.त, अंघोळ करताना, वाटेनं येताना म्हणत आलेले.

तात्यांनी इतक्या मायेनं पाहिलं. आणि सूनबाईंनी चिवड्याची ताटली पुढे केली.

"तात्या, आबांची तब्येत बरी नसते हल्ली," म्हटलं. "हात दुखतात. यंदा नको."

"आसं व्हय? मग राहू द्या, राहू द्या. तब्येत पयली." तात्या लगेच मान्य. दारापर्यंत सोडायला आले.

हलक्या पायांनी घरी आले. कामगिरी फत्ते. आबा जेवायला बसले होते.

"काय म्हणलीस?"

सांगितलं. तब्येतीचं कारण दिलं, आणि तात्यांनी लगेच ऐकलं, वाईट वाटून घेतलं नाही.

आबांनी घास खाल्ला. पाणी प्याले. मग म्हणाले, "म्हंजी बरा झालो की वाजवीन, व्हय?"

वहिनीनं माझं ताट वाढलं होतं. दादा खाली मान घालून जेवत राहिला.

  दुपारभर मी वस्तीच्या कडेनं फिरले. विहाराचं दार उघडं होतं, आत पोरं जयंतीच्या पताका कापत होती. त्यांनी मला पाहिलं. एकानं 'जय भीम आत्या' म्हटलं, तेवढ्यावर ते परत कामाला लागले.

६ एप्रिल, सोम.

आज दुपारच्या ड्युटीला परत जायचं होतं. शिरूरची एस.टी. ओट्यावरून दिसते, गेली.

आबा शेतावर गेलेत. तात्या दहानंतर घरी असतात म्हणे.

ऑफिसात फोन लावला, अजून एक दिवस रजा पाहिजे म्हणून. साहेब वैतागले. बरोबर आहे, सोमवारची गर्दी, खिडकीला माणूस नाही. म्हणाले, कारण काय लिहू?

तब्येत, असं तोंडात आलंच होतं.

म्हटलं, "लिहा, गावात एकाला नाही म्हणायचं राहिलंय."